पाव इंचाची माया



कापडाचे लहान तुकडे जोडून पांघरूण तयार करण्याची कला अनेक देशांत आढळते. महाराष्ट्रातील गोधडीत बहुधा जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून त्यांवर टाके घालतात. वर लावलेले ठिगळ थोडे लहानमोठे निघाले तरी खालच्या थरावर ते सामावून जाते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रूढ झालेल्या क्विल्टची रीत निराळी आहे. तेथे प्रथम एकाच मापाचे चौरस ‘ब्लॉक’ शिवतात आणि मग ते परस्परांस जोडून वरचा पदर सिद्ध करतात. येथे तुकड्याला खालून आधार नसतो; शेजारचा तुकडा हाच त्याचा आधार. या कलेत मापाला एवढे महत्त्व आहे ते त्यामुळेच.

यांतील अगदी सोपा ब्लॉक म्हणजे ‘नाइन पॅच’. त्यात तीन-तीनच्या तीन ओळींत नऊ चौरस असतात. चार कोपरे व मध्य गडद, उरलेले चार फिके. तयार ब्लॉक ९ इंचांचा हवा असेल, तर चारही बाजूंस शिवणीसाठी पाव इंच माया धरून प्रत्येक चौरस साडेतीन इंचांचा कापावा लागतो. कापताना कड कापडाच्या धाग्याला समांतर असावी. औरेब कापलेली कड हाताळतानाच ताणली जाते. नऊ तुकडे जोडल्यावर बाहेरच्या मायेसह ब्लॉक साडेनऊ इंच भरला पाहिजे.

आता समजा, शिवण एक सोळांश इंचाने आत गेली. ही चूक डोळ्यांना दिसतही नाही. परंतु शिवणीच्या दोन्ही बाजूंचे कापड आत जात असल्याने प्रत्येक शिवणीत एक अष्टमांश इंच कापड जादा खर्ची पडते. ब्लॉकच्या एका ओळीत दोन शिवणी असतात, म्हणून ब्लॉक सव्वानऊ इंचांचाच भरतो. दहा ब्लॉक ओळीने जोडले की शिवणी २९ होतात आणि पांघरूण साडेतीन इंचांहून अधिक आखूड पडते.

यावर एक साधी कसोटी आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडाव्यात. मधली पट्टी नेमकी एक इंच दिसली पाहिजे. कमी दिसल्यास शिवण धागाभर बाहेर घ्यावी, कारण घडीच्या वळणातही थोडे कापड जाते. पुढे प्रत्येक शिवण गडद तुकड्याच्या बाजूस वळवून इस्त्री दाबावी. ती फिरवू नये. असे केल्याने शेजारच्या ओळींच्या शिवणी विरुद्ध दिशांना वळतात, एकमेकींना बिलगून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात.

इतका काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. १८४० च्या दशकात अमेरिकेच्या पूर्व भागात ‘फ्रेंडशिप क्विल्ट’ लोकप्रिय झाले. दूर जाणाऱ्या कुटुंबासाठी आप्त व मैत्रिणी एकेक ब्लॉक शिवीत आणि त्यावर शाईने आपले नाव लिहीत. अशा वेळी एकीचा ब्लॉक पाव इंच लहान आला, तर जोडणारीपुढे दोनच मार्ग उरत: तो ताणून चुण्या पत्करणे, किंवा इतर साऱ्या जणींचे ब्लॉक छाटून त्याच्या मापाचे करणे. एकीची चूक अशी सर्वांच्या कामात उतरे.

म्हणून ब्लॉक हातावेगळा करण्यापूर्वी त्यावर पट्टी ठेवून पाहावी. साडेनऊ इंच भरला नाही, तर उसवावा. त्या वेळी उसवायच्या असतात फक्त दोन लांब शिवणी आणि काही आखूड. पांघरूण जोडून झाल्यावर मात्र ते काम दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला येते.