हाताच्या मुंग्या आणि बरगडीचे ऑपरेशन
(मंडळाच्या आरोग्य शिबिरात दिलेले व्याख्यान)



गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाचे एक सभासद एक्स-रेचे पाकीट घेऊन आमच्याकडे आले. व्यवसायाने रंगारी. वीस वर्षे छत रंगविण्यात गेलेली. उजवा हात वर केला की करंगळी व अनामिका बधिर होत, ब्रश गळून पडे. पहिली बरगडी काढावी लागेल, असे एका सर्जननी सांगितले होते आणि या गृहस्थांनी पतपेढीत कर्जाचा अर्जही भरून टाकला होता. "ऑपरेशन झालं की हात पहिल्यासारखा होईल ना, डॉक्टरसाहेब?" एवढेच त्यांना विचारायचे होते. आमच्या आरोग्य समितीत दोन डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट आहेत. तिघांपैकी कोणालाच सरळ 'हो' म्हणता आले नाही. ते का, हे आज आपणांसमोर मांडायचे आहे.

या विकाराला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. हे नाव १९५६ पासून रूढ झाले. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा आणि मोठ्या रक्तवाहिन्या हासळीचे हाड व पहिली बरगडी यांमधल्या चिंचोळ्या वाटेने जातात. तेथे मानेचे स्नायू ताठरले, किंवा जन्मतःच मानेला एक जादा बरगडी असली, तर दाब पडू शकतो. ही जादा बरगडी शंभरात एखाद्यालाच असते, आणि असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही त्रास होत नाही. म्हणून एक्स-रेत ती दिसली एवढ्यावरून घाबरू नये.

दाब कशावर आहे, यावर सारा निर्णय अवलंबून आहे. रोहिणीवर दाब पडून तिला इजा झाली असेल, तर रक्ताच्या गुठळ्या बोटांपर्यंत जाऊन बोटे काळी पडू शकतात. तेथे ऑपरेशनबाबत फारसा वाद नाही. नीलेत गुठळी होऊन हात एकाएकी सुजला, निळसर झाला, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. गुठळी लवकर विरघळवून नंतर बरगडी काढली तर निकाल बहुधा चांगला येतो. परंतु असे रुग्ण थोडे. शंभरातील नव्वदांहून अधिकांना त्रास असतो तो नसांचा, आणि खरे तारतम्य लागते ते तेथेच.

कारण नसांच्या या विकाराचे पक्के निदान करणारी एकही तपासणी नाही. नसांचा वेग मोजणारी चाचणी पुष्कळदा निर्दोष येते. मानेच्या मणक्यांची झीज, मनगटात किंवा कोपरात दबलेली नस, इतकेच काय, कुष्ठरोगानेही बोटे बधिर होतात. करंगळीची बधिरता पाहून कुष्ठरोगाची शंकाच न घेणे, ही आपल्या भागात मोठी चूक ठरेल. (कुष्ठरोग औषधांनी बरा होतो, तो लपवू नये.) मानेच्या स्नायूत बधिर करणारे इंजेक्शन देऊन तात्पुरता आराम पडतो का, हे काही ठिकाणी पाहतात. आराम पडला तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता अधिक.

निदान झाले तरी पहिला उपाय व्यायामच. खांदे व मान यांचा योग्य व्यायाम, कामाची पद्धत बदलणे, हे काही महिने नेटाने करावे लागते. आठ दिवसांत सोडून 'व्यायामाने काही झाले नाही' म्हणणारे आम्हाला रोज भेटतात.

त्यानंतरही त्रास राहिला तर ऑपरेशन. काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत डॉ. डेव्हिड रूस यांनी १९६६ साली मांडली. हासळीच्या वरून स्नायू व बरगडी काढण्याचीही रीत आहे. नेदरलँड्समध्ये ५० रुग्णांची चिठ्ठ्या टाकावी तशी विभागणी करून तुलना झाली. ती २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांचा हात अधिक चालत होता. याच्या उलट, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या कामगारांचा अभ्यास २००० साली आला. त्यात ऑपरेशननंतर एक वर्षाने शंभरात साठ जण अजून कामावर परतू शकले नव्हते. आम्हाला दोन्ही खरे वाटतात. निवडक रुग्ण व सरावलेले सर्जन एकीकडे, आणि दीर्घकाळ दुखणे अंगावर काढलेले कष्टकरी दुसरीकडे.

धोकेही सांगितले पाहिजेत. फुफ्फुसाभोवती हवा शिरणे, रक्तस्राव, श्वासपटलाच्या किंवा हाताच्या नसेला इजा. काहींना व्रणामुळे पुन्हा तोच त्रास होतो, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. आणि हाताचे स्नायू एकदा वाळले असतील तर ऑपरेशनने दुखणे कमी होते, झीज थांबते, पण वाळलेला स्नायू सहसा भरून येत नाही. म्हणून पंजा सुकू लागला असेल तर वर्षानुवर्षे थांबणेही चुकीचेच.

आपल्या रंगारी बंधूंचा पंजा सुकलेला नव्हता. चार महिने त्यांनी व्यायाम केला. छताचे काम आता पुतण्या करतो, ते खांद्याखालची भिंत रंगवतात. रात्रीच्या मुंग्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. कर्जाचा अर्ज त्यांनी परत घेतलेला नाही. पुढच्या महिन्यात ते पुन्हा सर्जनना भेटतील, तेव्हा विचारायचे प्रश्न आम्ही एका कागदावर लिहून दिले आहेत: आपण वर्षाला अशी किती ऑपरेशने करता? त्यांतले किती जण हातकामावर परतले? आणि मला किती महिने घरी बसावे लागेल?