विद्यार्थिदशेतील श्रम आणि भावी जीवन

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थी गुणगौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



माझे स्वतःचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत आणि त्यापुढे अध्यापनाच्या पदविकेपुरते. विद्यापीठाची पायरी मी विद्यार्थी म्हणून चढलो नाही. परंतु ज्यांना बाराखडी शिकविली, त्यांतील पुष्कळ मुले-मुली ती पायरी चढून गेली. ती सुटीत घरी येत, तेव्हा त्यांच्याशी होणाऱ्या बोलण्यातून एक विषय माझ्या मनात घर करून राहिला आहे. शिकता शिकता जी मुले विद्यापीठात अथवा महाविद्यालयात काम करतात, त्यांच्या त्या कामातून पैशाखेरीज काही हाती लागते काय, आणि ते लागावे म्हणून कोणी काय करावयाचे, हा तो विषय होय.

शिकता शिकता कष्ट करणे ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. वार लावून जेवणारे आणि माधुकरी मागून विद्या करणारे विद्यार्थी आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहेत. त्या पद्धतीत विद्या मिळे, पण मान खाली घालावी लागे. ती मान ताठ करण्याचे कार्य कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केले. 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली सातारा येथे वसतिगृह चालू केले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचा श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असा नामकरण समारंभ झाला. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि आपल्या निर्वाहाचा भार अंगमेहनतीने उचलीत. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, ते याच तत्त्वावर. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आज आपल्या तोंडी सहज बसले आहेत. त्यांच्यामागे मुलांनी खोदलेली जमीन आणि फोडलेली खडी आहे, याचे विस्मरण होऊ नये.

आज ही कल्पना विद्यापीठांत रुजली आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात कर्मवीरांच्याच नावाने कमवा आणि शिका योजना चालते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या योजनेतील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विद्यार्थी भवन असून त्यास पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांचे नाव आहे. कोणी ग्रंथालयात पुस्तके लावतो, कोणी कार्यालयात नोंदी करतो, कोणी प्रयोगशाळेत मदत करतो, कोणी बागेत राबतो. तासांच्या हिशेबाने मोबदला मिळतो आणि खानावळीचा, पुस्तकांचा खर्च काही अंशी तरी निघतो. घरून येणाऱ्या पैशावर ज्यांचा भरवसा नाही, त्यांच्या दृष्टीने ही मदत लहान नव्हे.

तथापि माझा मुद्दा येथून पुढे सुरू होतो. माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलाने पदवीची तीन वर्षे प्रयोगशाळेत काम केले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्याला विचारण्यात आले, “अनुभव काय?” तो उत्तरला, “काही नाही.” मला हे कळले तेव्हा मी त्यास जवळ बसवून एकेक विचारीत गेलो. काचसामानाची मोजदाद कोण करी? तोच. रसायने संपत आली की मागणीपत्र कोण तयार करी? तोच. नव्या मुलांना उपकरण कसे हाताळावे हे कोण दाखवी? तोच. साठ्याची नोंद, मागणीचा अंदाज, नवशिक्यास शिकविणे, ही सारी कामे त्याने केली होती. परंतु त्यांस अनुभव म्हणतात, हे तीन वर्षांत त्यास कोणी सांगितले नव्हते. त्याला पैसे मिळाले. पण त्याच श्रमातून मिळालेली विद्या त्याच्या हाती असूनही त्याच्या नावावर चढली नाही. श्रम आणि विद्या यांच्यामधला सांधा जोडणारे माणूस तेथे नव्हते, हे याचे कारण.

हा सांधा आपोआप जुळत नाही. तो जोडण्यासाठी माणूस नेमावा लागतो, ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने ओळखली. 1906 साली त्याने 27 विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग आरंभिला. मुलांनी काही काळ वर्गात बसावयाचे आणि काही काळ कारखान्यात काम करावयाचे, असा पाळीपाळीचा क्रम होता. त्याची खरी दूरदृष्टी याच्या पुढची आहे. कारखान्यातले काम समजणारी शिकलेली माणसे त्याने समन्वयक म्हणून नेमली. समन्वयकाने अर्धा दिवस विद्यापीठात असावयाचे व अर्धा दिवस कारखान्यात जाऊन मुले काय करीत आहेत ते पाहावयाचे. आणि यंत्रापाशी पाहिलेली गोष्ट वर्गातील गणिताशी व शास्त्राशी कशी जुळते, हे त्यांना उलगडून दाखवावयाचे. समन्वयक नसता तर तीच मुले वर्गात विद्यार्थी आणि कारखान्यात मजूर राहिली असती.

त्याच देशात केंटकी राज्यात बेरिया नावाचे महाविद्यालय आहे. 1855 साली स्थापन झालेल्या या संस्थेने 1892 पासून विद्यार्थ्यांकडून शिकविण्याची फी घेतलेली नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो कोणत्याही शाखेचा असो, आठवड्यास किमान 10 तास संस्थेचे काम केलेच पाहिजे, असा तेथील दंडक आहे. कोणी शेतीत, कोणी विणकामात, कोणी संस्थेच्या उपाहारगृहात, कोणी कार्यालयात. कामावर देखरेख ठेवणारा मनुष्य तेथे शिक्षकच समजला जातो, आणि अभ्यासाप्रमाणे कामाचेही मूल्यमापन होते. सर्वांनाच काम असल्यामुळे कोणास कमीपणा वाटण्याचे कारण उरत नाही.

पुढे 1964 साली, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कारकीर्दीत, गरजू विद्यार्थ्यांच्या वेतनाचा मोठा वाटा सरकारने उचलावा असा कायदा तेथे झाला. हे काम शक्य तेथवर विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमास पूरक असावे, अशी अपेक्षा त्या योजनेच्या नियमांतच नमूद आहे. परंतु नियमात लिहिलेली अपेक्षा रोजच्या कामात उतरवावी कशी? याचे एक साधे उत्तर आयोवा विद्यापीठाने 2009 साली शोधले. तेथे देखरेख करणाऱ्याने प्रत्येक विद्यार्थी-कर्मचाऱ्यास सत्रातून साधारण दोनदा समोर बसवून थोडा वेळ बोलावयाचे, असे ठरले. विचारावयाच्या गोष्टी चारच. हे काम तुझ्या अभ्यासाशी कसे जुळते आहे? येथे शिकलेले काय तुला अभ्यासात उपयोगी पडते? वर्गात शिकलेले काय तू येथे वापरतोस? आणि पुढे जो व्यवसाय करणार आहेस, त्यात येथले काय कामास येईल, त्याची एक-दोन उदाहरणे दे.

मंडळी, यास पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. मी आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारले आहेत, त्या अनुभवाने सांगतो, की मूल उत्तर शोधू लागते त्याच क्षणी शिकू लागते. दोनदा हे प्रश्न ऐकलेला विद्यार्थी तिसऱ्या वेळी न विचारताच त्यांचा विचार करतो, आणि मुलाखतीत “काही नाही” असे म्हणत नाही.

परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलांविषयी येथे दोन शब्द बोलणे अवश्य आहे, कारण अशी मुले आता आपल्या अनेक घरांतून गेली आहेत. वर सांगितलेली अमेरिकेची सरकारी साहाय्याची योजना परदेशी विद्यार्थ्यांस लागू नाही. विद्यार्थी परवान्यावर गेलेल्यास सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास 20 तासांपर्यंत काम करता येते. बाहेर परवानगीवाचून काम केल्यास शिक्षण अर्धवट टाकून परतण्याची पाळी येऊ शकते. निरनिराळ्या देशांचे नियम निरनिराळे असून ते बदलतही असतात. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की कर्जाच्या हप्त्यासाठी मुलावर भलता दबाव आणू नका. दूरध्वनीवर “किती मिळाले?” हे विचारण्यापूर्वी “काम कोणते आणि त्यातून काय शिकलास?” हे विचारा.

आता आपल्यातील काही शंकांचा विचार करू. पहिली शंका वेळेची. कामामुळे अभ्यास बुडतो, असे पालक म्हणतात. काम अमर्याद असेल तर बुडतोच. म्हणून तासांची मर्यादा ही या सर्व व्यवस्थेचा पाया आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत काम कमी करण्याची मुभा हवी. दुसरी शंका प्रतिष्ठेची. “आमचा मुलगा कॅन्टीनमध्ये भांडी उचलतो, हे सोयरिकीच्या वेळी सांगावयाचे कसे?” असा प्रश्न याच मंडळाच्या ओसरीवर मी ऐकला आहे. माझे उत्तर असे, की ज्या घराला त्याची लाज वाटेल, ते घर आपल्या मुलीस योग्य नव्हे. तिसरी गोष्ट मुलींची. मुलींना वसतिगृहात ठेवण्याइतके आपण पुढे आलो. परंतु त्यांनी काम करावे म्हटले की आपण थबकतो. आपल्याच विद्यापीठाच्या कार्यालयात किंवा ग्रंथालयात, दिवसाउजेडी, चार तास काम करणारी मुलगी चार माणसांशी व्यवहार करावयास शिकते. ही शिदोरी तिला नाकारण्याचा अधिकार आपणास नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मंडळासमोर मी मुद्दाम ठेवीत आहे. आपला शिष्यवृत्ती निधी दरवर्षी अनेक मुलांना पाकिटे देतो. पाकीट घेऊन मुले नमस्कार करतात आणि पुढील वर्षापर्यंत त्यांचा आपला संबंध उरत नाही. पाकीट बंद करा असे मी म्हणत नाही. ज्याची नड मोठी त्यास ते मिळालेच पाहिजे. परंतु त्याच्या जोडीस चार गोष्टी कराव्यात, असे सुचवितो.

पहिली, मंडळाने एक नोंदवही ठेवावी. ज्ञातिबांधवांपैकी कोणाचा छापखाना आहे, कोणी हिशेब तपासनीस आहेत, कोणाची औषधांची दुकाने आहेत, कोणी वकिली करतात. त्यांच्याकडे कोणत्या शाखेच्या विद्यार्थ्यास उपयोगी पडेल असे आठवड्यातून थोड्या तासांचे काम आहे, हे तीत लिहावे. वाणिज्य शिकणाऱ्यास खतावणी, विज्ञान शिकणाऱ्यास औषधांचा साठा, भाषा शिकणाऱ्यास मुद्रितशोधन, अशी जोडी जुळवावी.

दुसरी, दहा विद्यार्थ्यांमागे एक निवृत्त मनुष्य समन्वयक नेमावा. आपल्यात निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, कारकून पुष्कळ आहेत आणि दुपारचा वेळ कसा घालवावा ही त्यांची विवंचना आहे. त्यांनी सत्रातून दोनदा त्या मुलांस भेटावे व ते चार प्रश्न विचारावेत. विद्यापीठाच्या योजनेत काम करणाऱ्या मुलांनाही त्यांनीच भेटावे. अर्ज कसा लिहावा, वरिष्ठांशी कसे बोलावे, केलेल्या कामाची टाचणे कशी ठेवावीत, हेही शिकवावे.

तिसरी, मुलास मोबदला ठरल्या दिवशी व पूर्ण मिळाला पाहिजे. “आपलाच मुलगा आहे” असे म्हणून त्यास फुकट राबविणारा ज्ञातिबांधव नोंदवहीतून वगळावा. काम संपल्यावर त्याने काय काय केले याचा तपशील असलेले पत्र द्यावे. “वर्तन चांगले” एवढ्या दोन शब्दांनी कोणास नोकरी मिळत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास श्रेयांक मिळू लागले आहेत. तेव्हा अशा पत्राचे मोल वाढलेच आहे.

चौथी सूचना कित्येकांस रुचणार नाही, तरी बोलतो. निधी ज्ञातीचा आहे, तो ज्ञातीतील मुलांकडे जावो. पण नोंदवहीतील एखाद्या कामास आपल्यातील विद्यार्थी मिळाला नाही, तर ते गावातल्या कोणत्याही होतकरू मुलास द्यावे. कर्मवीरांचे नाव घ्यावयाचे आणि त्यांच्या पंगतीचा विसर पाडावयाचा, हे शोभणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस एवढेच सांगतो. तुम्ही जे काम कराल, मग ते पुस्तकांवरील धूळ झटकण्याचे का असेना, त्याची रोज रात्री दोन ओळींची टाचणी ठेवा: आज काय केले, आणि काय उमगले. वर्षअखेरीस ती वही उघडून पाहा. तुम्ही समजता त्याहून अधिक तुम्ही शिकलेले असाल. आणि वडीलधाऱ्या मंडळींना विनंती, की ती वही मागून पाहणारा एक तरी मनुष्य प्रत्येक मुलामागे उभा करा. या वर्षीच्या पाकिटांबरोबर अशी एकेक कोरी वही दिली, तर त्या वह्यांचा खर्च मी आनंदाने सोसेन.