सत्ता हातात असताना



संयोजकांनी मला 'करिअरची निवड' हा विषय दिला आहे. पण ज्या शाळेनं इतिहासाची गोडी लावली, तिच्या व्यासपीठावर मला आधी औंधच आठवतं. साने गुरुजी काही काळ तिथं शिकले, गदिमाही तिथल्याच शाळेचे. पंडित सातवळेकरांचं स्वाध्याय मंडळ तिथं वाढलं. कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी जागा मिळाली, तीही औंध संस्थानातच. मुख्यतः आजच्या सातारा-सांगलीत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं हे संस्थान, आणि तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांचे सूर्यनमस्कार सगळ्यांना माहीत आहेत, त्यांनी केलेली क्रांती मात्र फार थोड्यांना.

क्रांती म्हटलं की आपल्याला तलवार दिसते. फ्रान्सचा सरदार लाफायेत एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उतरला, ब्रँडीवाइनच्या लढाईत जखमी झाला आणि जगानं त्याला त्या लढाईसाठी लक्षात ठेवलं. मला त्याची दुसरी बाजू मोठी वाटते. फ्रेंच राज्यक्रांतीत, जुलै १७८९ मध्ये, त्यानं मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा मांडला आणि पुढच्या वर्षी वंशपरंपरागत किताब रद्द करायला पाठिंबा देऊन स्वतःचाही किताब सोडला. शत्रूच्या हातातली सत्ता काढून घेणारे इतिहासात पुष्कळ झाले. आपल्या मुठीतली सत्ता दुसऱ्याच्या हाती ठेवणारे फार थोडे, आणि त्यात आपला एक माणूस आहे. बाळासाहेबांनी १९३८ मध्ये प्रजेला स्वराज्य देण्याची घोषणा केली. गांधीजींच्या सल्ल्यानं, पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांच्या कष्टांतून घटना तयार झाली, आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. कारभाराचा पाया गावची निवडलेली पंचायत, राजा तिच्या पाठीशी.

कुणी म्हणेल, संस्थानं जाणारच होती, मग यात त्याग कसला? पण १९३८ मध्ये ती जातील हे कुणाला ठाऊक होतं? त्याच सुमारास राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी प्रजेला दिलेला शब्द फिरवला आणि गांधीजींना उपोषणाला बसावं लागलं. काळ दोघांनाही एकच होता, निवड वेगळी होती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अडाणी खेडूत कारभार काय करणार? त्याला औंध संस्थानातल्याच, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरनं उत्तर दिलं. तिथं शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीबाहेर शेतीवर ठेवलं गेलं. याच प्रयोगावरून पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. गुन्हेगार ठरलेला माणूस विश्वासाला पात्र ठरतो, तर पेरणी-कापणीचा हिशेब तोंडपाठ असणारा शेतकरी का ठरणार नाही? पुढे काही वर्षांतच ज्या पत्री सरकारनं इंग्रजांना जेरीस आणलं, त्याचं एक मुख्य केंद्र कुंडल होतं, आणि कुंडल औंध संस्थानात होतं. पत्री सरकार औंधच्या घटनेतून जन्मलं असा माझा दावा नाही, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं श्रेय कुणाला काढून घेता येत नाही. पण आपला कारभार आपण करायचा असतो, हे या भागातल्या माणसाला नवं नव्हतं.

राहिली करिअरची गोष्ट. डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, शेती करा. तुमचे सर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. माझा आग्रह एकच आहे : अठरा वर्षं पूर्ण झाली आणि मतदार यादीत नाव लागलं की ग्रामसभेला जा. निवडणुकीत झेंडा धरायला जाता, तसे अंदाजपत्रकाच्या बैठकीलाही जा. मागे बसून घोषणा देऊ नका, पुढे बसून खर्च विचारा. 'आम्हाला अजून काय कळतं' असं म्हणू नका. १९३९ मध्ये औंधच्या प्रजेबद्दल हेच बोललं गेलं होतं. आणि पहिल्या रांगेतल्या सरपंच, संस्थाचालक मंडळींनो, मुलं विचारायला येतील तेव्हा त्यांना बसायला जागा द्या. सुरुवात इथूनच करता येईल. पुढच्या वर्षीच्या या स्नेहसंमेलनाची सगळी वर्गणी विद्यार्थ्यांच्या निवडलेल्या समितीकडे सोपवा आणि पै-पैचा हिशेब त्यांनाच या व्यासपीठावरून वाचू द्या.