बेकायदा झडती आणि कोर्टातील पुरावा

(धाराशिव जिल्ह्यातील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



काही महिन्यांपूर्वी एक माउली धाराशिवच्या कोर्टाच्या आवारात माझ्यापुढे येऊन उभी राहिली. रात्री पोलीस घरात शिरले होते. वॉरंट नव्हते, पंच नव्हते. त्यांनी उतरंड मोडली, जोंधळ्याची कणगी उलथी केली आणि तांब्याची थोडी तार उचलून मुलाला नेले. विहिरीवरील विजेची मोटार चोरल्याचा आळ त्याच्यावर होता. सकाळपर्यंत त्याने ‘मीच चोरली, कडब्याच्या गंजीत लपविली’ असे सांगितले होते आणि मोटार गंजीतून निघालीही होती. बाई म्हणाली, “वकीलसाहेब, झडतीच बेकायदा. मग खटला आपोआप सुटणार ना?”

हा प्रश्न आपणांपैकी पुष्कळांच्या मनात असतो. धम्मदीक्षेनंतर आपण गावकीची कामे सोडतो, ताठ मानेने वागतो, आणि मग गावात काही हरवले की बोट प्रथम आपल्याच वस्तीकडे वळते. म्हणून या प्रश्नाचे खरे उत्तर आपणांस ठाऊक असले पाहिजे, ते कडू असले तरी.

झडती बेकायदा झाली एवढ्याच कारणाने तीत सापडलेली वस्तू आपल्या देशात पुराव्यातून बाद होत नाही. मुंबईचे कॉरोनर मलकानी यांच्यावर लाच मागितल्याचा खटला झाला. १९६४ साली त्यांचे टेलिफोनवरील बोलणे पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले होते. हा पुरावा गैरमार्गाने मिळविला असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ते अमान्य केले. मुद्रण बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने झाले होते, हे तर न्यायालयाने सांगितलेच. शिवाय पुरावा बेकायदा मिळविलेला असला तरी तो वादाशी संबद्ध असेल तर ग्राह्य ठरतो, असेही म्हटले. पुढल्याच वर्षी पूरणमल खटल्यात प्राप्तिकर खात्याच्या झडत्यांबाबत हेच तत्त्व पक्के झाले. अमेरिकेत १९६१ पासून सर्वच राज्यांच्या न्यायालयांत असा पुरावा सामान्यतः बाहेर ठेवला जातो. आपल्याकडे तसा नियम नाही.

तो का नाही, याचा एक धागा थेट घटना समितीपर्यंत जातो. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती सुचविली होती. लोकांचे शरीर, घर, कागदपत्रे यांची अवाजवी झडती होऊ नये आणि सबळ कारणावाचून वॉरंट निघू नये, हा हक्क घटनेतच लिहावा, अशी ती दुरुस्ती. ३ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. या तरतुदी फौजदारी संहितेत आहेतच, परंतु उद्याचे कायदेमंडळ त्या रद्द करू शकेल. म्हणून त्या त्याच्या हाताबाहेर ठेवाव्यात, असा त्यांचा युक्तिवाद होता. सभागृहाने अखेरीस ती दुरुस्ती फेटाळली. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, घटनाकारांनी असा हक्क दिलेला नसता आम्ही तो ओढूनताणून आणू शकत नाही. घटना समितीतील ते मतदान आपणांस किती महाग पडले, हे मला वकिलीत वारंवार दिसते.

तथापि वारा थोडा बदलला आहे. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली विनीतकुमार खटल्यात बेकायदा चोरून ऐकलेली टेलिफोन संभाषणे नष्ट करण्याचा आदेश दिला. सर्वच न्यायालये या वाटेने गेलेली नाहीत. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती घेण्याचा तुमचा हक्क आहे, हे सांगावेच लागते. ते सांगितले नाही तर अंगावर सापडलेला माल कब्जाचा पुरावा होऊ शकत नाही, असे घटनापीठाने १९९९ साली ठरविले.

आता कबुलीजबाब. येथे कायदा भिंतीसारखा उभा आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. या भिंतीला एक खिंडार आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून काही वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित असलेले तेवढेच वाक्य पुराव्यात येते. त्या मुलाच्या बाबतीत ‘गंजीत लपविली’ हे शब्द येतील; ‘मीच चोरली’ हे येणार नाहीत. शब्दांमधला हा फरक कोणाची वर्षे वाचवितो, कोणाची घालवितो. घटनेच्या अनुच्छेद २० (३) अन्वये स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्तीही कोणावर करता येत नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही देण्याची गरज नाही. कायदाच ती घेऊ नये असे म्हणतो. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, मग समोर कोणीही असो.

झडतीस लोक आले तर अंगावर धावून जाऊ नका. बेकायदा झडतीस विरोध करता येतो असे पुस्तकात आहे. परंतु खेड्यात त्यातून सरकारी कामात अडथळा आणल्याचा दुसरा गुन्हा तेवढा उभा राहतो. वॉरंट आहे काय, ते विचारा. वॉरंटाशिवाय येणाऱ्या अधिकाऱ्याने आपली कारणे आधी लिहून ठेवली पाहिजेत. वस्तीतील दोन प्रतिष्ठित, निःपक्ष पंच बोलवावयास सांगा. जप्तीची यादी होईल तिची प्रत मागा; ती मिळणे हा घरमालकाचा हक्क आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचे दृक्‌श्राव्य चित्रण झाले पाहिजे व ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेले पाहिजे. चित्रण झाले नाही तर तीही गोष्ट वेळेसह लिहून ठेवा. घरातील शिकणाऱ्या मुलीला वहीत लिहावयास सांगा: कोण आले, किती वाजता, काय उचलले, कोणासमोर. याचा उपयोग असा की, झडतीतील बेकायदेशीरपणाने वस्तू बाद होत नसली तरी ती वस्तू खरोखरच तेथे सापडली काय, याविषयी न्यायाधीश अधिक बारकाईने पाहतात. आरोपीवर अन्याय होईल असे दिसल्यास पुरावा नाकारण्याचा विवेकाधिकारही मलकानी खटल्याने न्यायाधीशाकडे ठेवला आहे. पण त्याच्या हाती काही कागद तर असावयास हवा.

वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तीस १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, आणि १९९० पासून बौद्ध झालेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे. धर्म बदलला म्हणून हा हक्क गेला असे कोणी सांगितले तर ऐकू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

त्या माउलीने रात्री काहीच लिहून ठेवले नव्हते. शेजारच्या मुलाने मात्र पोलिसांची गाडी आली तेव्हाचे आणि गेली तेव्हाचे छायाचित्र मोबाईलवर घेतले होते, वेळेसह. तेवढेच आमच्या हाती आहे. पुढल्या तारखेस मी अधिकाऱ्यास पहिला प्रश्न त्या वेळेविषयीच विचारणार आहे.