दावा मालकांचा, भाडे कुणाला?



समजा, पुण्याच्या सदाशिव पेठेत एक जुना वाडा आहे. माडीवरच्या दोन खोल्यांत एक कुटुंब तीस वर्षे भाड्याने राहते. मालक वारले आणि त्यांच्या दोन मुलांत वाटणीचा दावा सुरू झाला. एक तारखेला थोरला येऊन सांगतो, "भाडं आता माझ्याकडे द्यायचं." पाच तारखेला धाकट्याच्या वकिलाची नोटीस येते की थोरल्याला दिलेले भाडे आम्ही धरणार नाही. आणि जिन्यात भेटलेला शेजारी म्हणतो, "निकाल लागला की तुम्हाला घर सोडावं लागणार."

त्या घरातल्या आजींची झोप उडते ती या शेवटच्या वाक्याने. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

भावाभावांच्या दाव्यात कोर्ट ठरवते ते घर कुणाचे, एवढेच. भाडेकरूने राहायचे की निघायचे, हा प्रश्न निराळा आणि त्यासाठी दावाही निराळा करावा लागतो. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. भाडेकरू भाडे देतो आहे, किंवा द्यायला तयार आहे, आणि कराराच्या अटी पाळतो आहे, तोवर मालकाला सहसा ताबा मिळत नाही, असे त्याचे कलम १५ सांगते. ताबा मागण्याची कारणे कलम १६ मध्ये मोजून दिली आहेत. मालक बदलला, हे कारण त्यांत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेत तर यासाठी खास तरतूद आहे. जिंकलेल्या पक्षाला ताबा द्यायचा आहे, पण घरात असा भाडेकरू आहे की ज्याच्यावर तो हुकूमनामा बंधनकारक नाही. अशा वेळी कोर्टाचा बेलिफ सामान बाहेर काढत नाही. तो वॉरंटची प्रत ठळक जागी चिकटवतो आणि दवंडी देऊन किंवा रूढ पद्धतीने निकाल जाहीर करतो. त्या घोषणेने जिंकलेल्या पक्षाला फक्त प्रतीकात्मक ताबा मिळतो. भाडेकरूची चूल आहे तिथेच राहते.

मात्र दोन ठिकाणी सावध राहायला हवे. घराचा दावा चालू असताना ते नव्याने भाड्याने घेतले, तर त्या दाव्याचा निकाल तुम्हालाही बांधू शकतो. आणि ज्याला भाड्याने देण्याचा हक्कच नव्हता त्याच्याकडून घर घेतले असेल, तर खरा मालक तुम्हाला आव्हान देऊ शकतो. म्हणून घर घेण्याआधी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मालकाच्या नावाने दावा आहे का, ते पाहा. नोंदणी कार्यालयातला इंडेक्स टू, म्हणजे व्यवहाराचा उतारा, काढून घ्या.

आता मूळ प्रश्न: भाडे कुणाला द्यायचे?

पहिले म्हणजे, भाडे थांबवू नका. "तुमचं ठरू दे, मग देतो," असे म्हणणारा भाडेकरू स्वतःच्या हाताने मालकाला कारण पुरवतो. थकलेल्या भाड्यासाठी मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि त्यानंतर ९० दिवस दावा करता येत नाही. दावा झालाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरून, पुढचे भाडे नियमित भरत राहिल्यास ताबा वाचतो. पण तिथवर जायचे कशाला?

दोन्ही वारसांना पत्र लिहा. भाडे तयार आहे. दोघांच्या सहीने किंवा कोर्टाच्या हुकमाने कुणाला द्यायचे ते कळवा. पत्र "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आले, तर पाकीट न फोडता जपून ठेवा. कोर्टात ते तुमच्या बाजूने बोलेल. भाड्याची रक्कम दरमहा बँकेत बाजूला काढा. कोर्टाने रिसीव्हर नेमला, तर भाडे त्याच्याकडे. दोघेही मूळ मालकाचे वारस म्हणूनच हक्क सांगत असतील, तर खरा हक्कदार ठरवून द्या, अशी विनंती भाडेकरूच कोर्टाला करू शकतो.

ज्याने तुम्हाला घर दिले, त्याला प्रामाणिकपणे भाडे दिले आणि पुढे त्याचा हक्कच नव्हता असे ठरले, तरी तेच भाडे दुसऱ्यांदा द्यावे लागत नाही. घर विकले गेले आणि ते तुम्हाला कळण्याआधी जुन्या मालकाला भाडे दिले, तरी तसेच. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हे संरक्षण देतो. पण "दिले" हे सिद्ध करायला पावती लागते. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. मागायला संकोचू नका.

लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांची स्थिती मात्र नाजूक आहे. मुदत संपली की घर सोडावे लागते. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. त्यांनी नोंदणी केलेला करार आणि डिपॉझिटची पावती हाताशी ठेवावी.

आणि कुणी भांडणाच्या रागात पाणी तोडले, वीज तोडली, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टात दाद मागा. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणी बाहेर काढले, तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. वकिलाची फी झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० हा क्रमांक फिरवा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते.

त्या वाड्यातल्या आजींच्या ट्रंकेत तीस वर्षांच्या भाडेपावत्या दोऱ्याने बांधून ठेवलेल्या असतील, तर त्यांना निर्धास्त झोपता येईल. तुमच्या पावत्या कुठे आहेत? आज रात्री एकदा शोधून, तारखांप्रमाणे लावून ठेवा.