परकी फौज आणि गावचा निवाडा



दहशतवाद मोडायला एखाद्या बलाढ्य देशाची फौज परमुलखात जाते, पहिल्या लढाया जिंकते, वर्षानुवर्षे तिथे राहते आणि अखेर हात हलवीत परत येते. असं का व्हावं? पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाची हकीकत पाहिली तर याचा उलगडा होतो.

शिक्षकमित्रांनी आफ्रिकेचा नकाशा काढावा. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला नायजर नदी मोठे वळण घेते, तोच हा माली. शेती आणि गुरे यांवर जगणारा हा मुलूख १९६० पर्यंत फ्रान्सच्या अमलाखाली होता.

२०११ साली फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका आदी राष्ट्रांनी लिबियात हवाई हल्ले केले आणि गद्दाफीची राजवट कोसळली. त्याच्या पदरचे तुआरेग लढवय्ये हत्यारांसह मालीत परतले. २०१२ मध्ये उत्तरेत बंड झाले आणि त्याचा फायदा घेऊन अल-कायदाशी संबंध असलेल्या टोळ्यांनी टिंबक्टू, गाओ ही शहरे बळकावली. त्यांनी गाणेबजावणे बंद पाडले, संतांच्या कबरी कुदळींनी फोडल्या, चोरीच्या आरोपावरून लोकांचे हात तोडले.

जानेवारी २०१३ मध्ये माली सरकारच्या बोलावण्यावरून फ्रेंच फौज आली. तीन आठवड्यांच्या आत टिंबक्टू मोकळे झाले. लोक झेंडे घेऊन रस्त्यावर आले. तो आनंद खरा होता, हे आधी मान्य केले पाहिजे.

मग घोडं अडलं कुठं?

फौज परत गेली नाही. २०१४ पासून तिची मोहीम पाच देशांत पसरली. पुढे सैनिक पाच हजारांवर गेले, विमाने आली, ड्रोन आले. २०२० आणि २०२१ मध्ये टोळ्यांचे दोन बडे म्होरके मारले गेले. तरी आग विझेना. ती उत्तरेतून मध्य मालीत आली आणि तिथून बुर्किना फासो व नायजर या देशांतही पसरली. शेतकऱ्याला हरळी ठाऊक आहे. वरून कितीही कापली तरी मुळी जमिनीत जिवंत असते.

ही मुळी होती गावच्या तंट्यांत. मध्य मालीत नायजरचा पूर ओसरला की हिरवी कुरणे उघडी पडतात आणि फुलानी गुराखी कळप घेऊन तिथे उतरतात. कुरणांचे पिढीजात वतनदार चराई घेत व ती वाढवीत नेत. वनखात्याचे शिपाई दंडाच्या नावाखाली पैसे काढीत. गुरे पिकात शिरली म्हणून तंटा कोर्टात गेला, तर निवाडा लवकर होत नसे. खिसे मात्र दोन्ही पक्षांचे रिकामे होत. नेमके इथे टोळीवाले आले. त्यांनी कित्येक ठिकाणी चराई उतरवली, तंट्याचा निकाल झटपट दिला. त्याची किंमत जबर होती. शाळा बंद पडल्या, विरोध करणाऱ्याला मरण आले. पण ज्याला कुठेच दाद मिळाली नव्हती, तो गरीब गुराखी त्यांच्याकडे वळला.

आता परकी फौज इथे काय करणार? तिला गावची भाषा येत नाही, बांधावरचे भांडण कळत नाही. शिवाय ज्या अंमलदारांविरुद्ध लोकांची तक्रार, त्यांच्याच सरकारच्या पाठीशी ती उभी. लोकांना ती कशी दिसत असेल, याचा विचार करावा. ३ जानेवारी २०२१ रोजी बूंती गावी फ्रेंच विमानांनी बॉम्ब टाकले. तिथे लग्नाचा मेळा होता आणि मेलेल्या किमान २२ जणांपैकी १९ सामान्य नागरिक होते, असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत निघाले. आपण सशस्त्र टोळीवरच हल्ला केला, असे फ्रान्सने सांगितले. पण ज्या घरातून प्रेत उठले, त्या घराला हे कसे पटावे?

२०२० आणि २०२१ मध्ये मालीत लष्कराने दोनदा सत्ता घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये शेवटचा फ्रेंच सैनिक तिथून गेला. त्याआधीच वॅग्नर या कंपनीचे रशियन भाडोत्री लढवय्ये आले होते. मार्च २०२२ मध्ये मूरा गावात मालीचे सैनिक आणि परदेशी लढवय्ये यांनी किमान ५०० माणसे मारली, असा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल आहे. पाहुणा बदलला, पण गावाचे दुखणे तेच राहिले. २०२५ मध्ये टोळ्यांनी इंधनाच्या गाड्या अडवल्या आणि ऑक्टोबरअखेर साऱ्या देशातील शाळा दोन आठवडे बंद ठेवाव्या लागल्या.

परकी फौज एखादे शहर सोडवू शकते, सरकारला थोडी उसंतही मिळवून देऊ शकते. पण चराई ठरवणे, लाचखाऊ शिपायाला हटवणे आणि दोन्ही पक्षांना पटेल असा निवाडा देणे ही त्या देशाच्या सरकारची आणि पंचांचीच कामे आहेत. मालीत २०१३ साली उसंत मिळाली होती. ती या कामी लागली नाही, म्हणून जिंकलेली लढाई हातची गेली.