अक्षर तुटता कामा नये



प्रास्ताविकात आपण ऐकलंत की युनिकोड आलं आणि संगणकावरचा मराठीचा प्रश्न मिटला. आता साहित्यिकांनी साहित्याकडे बघावं. मला हे अजिबात मान्य नाही. लिहिलेलं अक्षर समोरच्यापर्यंत धड पोहोचतं की नाही, हा साहित्याचाच प्रश्न आहे.

आयआरसी ही गप्पांची प्रणाली घ्या. १९८८ साली फिनलंडमधल्या ओउलूत यार्को ओइकारिनेन यांनी ती लिहिली. १९९३ साली तिचे नियम आले. कुठलं एन्कोडिंग वापरायचं, म्हणजे कुठलं अक्षर कुठल्या आकड्याने लिहायचं, हे त्यांत सांगितलेलंच नाही. पण महिरपी कंस हे चौकोनी कंसांचं लहान लिपीतलं रूप मानावं, असं मात्र आहे. का? तिकडच्या सात बिटी संहितेत त्या जागांवर त्यांचे दोन टिंबांचे आणि वर्तुळाचे स्वर बसत. जेमतेम पन्नास लाखांच्या देशाच्या अक्षरांची खूण जगाच्या नियमांत उमटली. आणि आपण कोट्यवधी असून रोमनमध्ये ‘कसा आहेस’ लिहून मोकळे झालो! तेवढ्यावर भागतं, असं सांगणारे या सभागृहातही आहेत. भागत नाही. भागवून घ्यायची सवय लागली आहे.

भारतीय लिप्यांसाठीचं मानक एन्कोडिंग, इस्की, १९९१ पासून होतं. त्यात ‘म’ एका बाइटात मावतो. ते निवडायची सोय द्या, असं आपण चॅट प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ठणकावून सांगितलं का? जपानी लोक आयएसओ-२०२२-जेपी हे आपलं एन्कोडिंग वापरत राहिले, रशियन आपलं कोआय-८ वापरत राहिले. इर्सीसारख्या आयआरसी प्रोग्रामात आज चॅनेलवार, माणसागणिक एन्कोडिंग नेमता येतं, ते अशांच्या उपयोगाचं. आपण मात्र रोमन संकेतांवर देवनागरी आकार चिकटवणाऱ्या फॉन्टांच्या मागे लागलो. तो फॉन्ट नसेल तर समोर कचरा दिसतो.

आता युनिकोड. त्याच्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये ‘म’ला तीन बाइट लागतात. आयआरसीचा एक संदेश ५१२ बाइटांचा, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता त्यातच. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजून आपल्या वाट्याला १७० खुणासुद्धा येत नाहीत. जागा संपली की बेपर्वा प्रोग्राम बाइट मोजून सुरी चालवतो. एखाद्या अक्षराचा शेवटचा बाइट गळाला की घेणारा प्रोग्राम अख्खी ओळ लॅटिन-१ या रोमन एन्कोडिंगमधली समजून वाचू शकतो. मग धडधाकट ‘म’च्या जागी स्वराघाताचा रोमन ए, चलनाचं चिन्ह आणि वर्तुळातला आर उभे राहतात. ‘लक्ष्मी’तलं ‘क्ष्मी’ सहा संकेतांचं, १८ बाइटांचं. बाइट जपूनही ते मधेच तोडलं, तर पाय मोडलेला क् एका ओळीत आणि उरलेलं धड दुसऱ्या ओळीत.

माझी मागणी स्पष्ट आहे. चॅट प्रोग्रामने पाठवताना यूटीएफ-८ पाठवावं. वाचताना जुनी एन्कोडिंगही वाचावीत, आणि कोणतं ते वाचणाऱ्याला ठरवू द्यावं. न कळलेले बाइट प्रश्नचिन्ह टाकून पुसू नयेत, मूळ स्वरूपात जपावेत, कारण उद्या ते उलगडता येतील. पुसलेले परत येत नाहीत. आणि ओळ तोडायचीच असेल, तर पूर्ण अक्षराच्या सीमेवर तोडावी.

संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात या मागणीचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. ज्यांना हा साहित्याचा विषय वाटत नाही, त्यांनी तिथे उभं राहून विरोध करावा.